याकोबाचा पार्ट

गुरुवार, ५ मे १९५५. बोटीवर.

नेपल्स सुटले. आता हैफा येईपर्यंत नुसते पाणी. आजपासून रोजनिशी नियमित. खरे तर मुंबई सुटल्यापासूनच लिहिणार होतो, पण बोट लागली. मला नाही, पोरांना. मी फक्त पडून होतो.

नोंदीसाठी: भायखळ्याच्या आमच्या नाट्यवर्गाची दहा मुले-मुली, त्यांचा मास्तर मी सामाजी वाक्रूळकर, आणि आमचे नाटक ‘योसेफ’, आमच्या धर्मग्रंथातल्या, म्हणजे तोराहमधल्या, गोष्टीवरचे. लेखक मी, दिग्दर्शक मी, योसेफ मी. मुक्काम तेल अवीव. तिथे मोठमोठी थिएटरे आहेत. मुलांनी चार नाटके पाहावीत, शिकावे, आणि शेवटी तिथे जाऊन राहिलेल्या आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुदी लोकांपुढे आपला खेळ करावा, असा प्रोग्रॅम. म्हणजे वर्ग चालवणाऱ्या क्लबच्या कमिटीला सांगितलेला प्रोग्रॅम.

खरा प्रोग्रॅम वेगळा आहे. जोसेफला परत न्यायचे. एकुलता एक मुलगा माझा. एकोणीस वर्षांचा असताना इस्राएल-इस्राएल करत निघून आला, त्याला पाच वर्षे झाली. पोराला हौस होती, फिटली असेल. आता बापाने जाऊन हाताला धरून आणायचे एवढेच बाकी. परतीच्या बोटीत माझ्या केबिनमधला वरचा बर्थ घेऊन ठेवला आहे. कमिटीला म्हटले, सामानासाठी.

संकल्प: रोज लिहिणे. पोरांवर न ओरडणे. जोसेफ भेटल्यावर जुने काही न काढणे. त्याने काढले तर मात्र गप्प बसणार नाही.

शुक्रवार, ६ मे.

डेकवर तालीम. भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात तो सीन. विहीर म्हणून दोरखंडाचे वेटोळे घेतले. आत उत्तम बसलो. उठताना जरा गुडघा धरला. सुझॅन म्हणाली, मास्तर, योसेफ सतरा वर्षांचा होता ना? भारी फटकळ पोरगी. मी म्हटले, अभिनयात वय नसते. म्हणाली, गुडघ्यात असते. बाकीची फिदीफिदी हसली. ओरडलो.

जोनाथन प्रॉम्प्टर. पोरगा चांगला, पण घाई. मोठ्या वाक्याआधी मी पॉज घेतो तर हा मध्येच बोलतो. त्याला वाटते मी विसरलो. जोसेफला बरोबर कळायचे. आठव्या वर्षापासून पोर विंगेत बसून प्रॉम्प्ट करी. पॉज कुठला आणि विसरलो कुठे, हे त्याला नुसत्या माझ्या मानेवरून समजे. विसरणे म्हणजे तसे फारसे नसेच म्हणा. पण सगळे नाटक त्याला तोंडपाठ, अगदी उंटवाल्याच्या वाक्यासकट.

म्हणून तर माझा प्लॅन. खेळाच्या दिवशी ऐन वेळी योसेफाचा पार्ट जोसेफला द्यायचा. सरप्राईज! योसेफाचा रंगीबेरंगी झगा ट्रंकेत आहे. लेआने जोसेफच्याच मापाचा शिवून ठेवला होता, की आज ना उद्या बाप बाजूला होईल आणि पोराला पार्ट मिळेल. लेआ म्हणजे माझी बायको. त्रेपन्न साली गेली बिचारी. तो झगा अंगात घालून एकदा टाळी ऐकली की तो नोकरी करतो त्या पाइपच्या कारखान्यात कोण थांबतोय? रक्त आहे शेवटी.

शनिवार, ७ मे.

शब्बाथ. आज लिहिणे वर्ज्य. म्हणून थोडक्यात लिहितो.

पोह्यांची पिशवी उघडून पाहिली. कोरडी आहे. नारळ दोन, त्यातला एक वाजत नाही. हे सगळे मलिद्यासाठी. एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याला बोललेला नवस पुरा झाला की पोहे, गूळ, खोबरे कालवून, वर फळे मांडून, दुव्याची प्रार्थना म्हणत मलिदा करावा लागतो, आणि तिकडे म्हणे पोहेच मिळत नाहीत. नवस लेआचा. जोसेफ गेल्यावर आम्ही दोघे अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेलो होतो. तिथे खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाची खूण आहे. लेआने खडकावर हात ठेवून नवस बोलला, मी शेजारीच उभा होतो. शब्द नक्की आठवत नाहीत, पण मतलब हाच की जोसेफ परत यावा. आई दुसरे काय मागणार?

तर मलिदा परतीच्या बोटीवर, केबिनमध्ये, जोसेफच्या हातून. एवढे लिहून आता खरेच थांबतो. शब्बाथ आहे.

रविवार, ८ मे. हैफा, मग तेल अवीव.

उतरलो. जोसेफ धक्क्यावर आला नव्हता. शिफ्ट असेल. कारखाना म्हणजे काय नाट्यवर्ग नव्हे, कोणी उठून चालू लागला. तो मुंबई सोडून गेला तेव्हा मलाही बंदरावर जाता आले नव्हते, पण तेव्हा तालीम होती. लेआ गेली होती. घरातून एक माणूस गेले म्हणजे झाले.

आम्हाला घ्यायला त्स्वी नावाचा माणूस. अर्धी चड्डी, उघडी कॉलर. मी त्याला हमाल समजून ट्रंक दिली. त्याने उचलून ट्रकमध्ये ठेवली. मागाहून कळले, तो कामगार-क्लबचा सेक्रेटरी. ज्या हॉलमध्ये आमचा खेळ त्याच हॉलचा मालक म्हणा ना. मी सॉरी म्हटले तर म्हणाला, सावलानूत, सावलानूत. म्हणजे धीर धरा. इथे कशालाही हेच म्हणतात.

सोमवार, ९ मे.

तेल अवीव भलतेच मोठे. पांढरी चौकोनी घरे, समोर समुद्र, आणि रस्त्यात जो तो मोठ्याने भांडतोय असे वाटते. सुझॅनने विचारून घेतले. म्हणे भांडत नाहीत, पत्ता सांगताहेत.

संध्याकाळी मोठ्या थिएटरात नाटक पाहिले. हिब्रू कळले नाही, पण त्यांची मुख्य उणीव ताबडतोब पकडली: विंगेत प्रॉम्प्टरच नाही! जोनाथनने आत जाऊन खात्री केली. नट सगळे धडाधडा बोलत होते. सुझॅन म्हणाली, मास्तर, पाठ केलं असेल. मी म्हटले, त्यालाच यांत्रिकपणा म्हणतात.

मंगळवार, १० मे.

आला! आला माझा जोसेफ!

आम्ही वसतिगृहात चण्याचे वडे पावात घालून खात होतो तोच दारात उभा. उन्हाने पार काळा झालाय. खांदे केवढे! हातांवर पोळल्याचे डाग. माझे दोन्ही हात हातांत घेऊन त्याने हातबोशी केली, आपली बोटे ओठांना लावली, अगदी घरच्या पद्धतीने. म्हणाला, बाबा, बारीक झालात. मी पॉज घेतला.

पाच वाक्यांत दोन हिब्रू. मध्येच शब्द शोधतो. त्स्वी त्याला योसी म्हणून हाक मारत होता. मी जोसेफला बाजूला घेऊन विचारले, योसी कोण? म्हणाला, मीच, बाबा. सगळे तेच म्हणतात. ही नावे बोटीवर धुऊन निघतील. काळजी नाही.

शुक्रवारी अश्केलोनला घरी बोलावले आहे. मन ओढ घेतेय त्याचे, दिसतेच आहे.

शुक्रवार, १३ मे.

दुपारच्या बसने अश्केलोन. पोह्यांची पिशवी आणि झगा बरोबर घेतो, उगाच वसतिगृहात नको.

जोसेफला बायको आहे. हे लिहायचे राहून गेले. मिरियाम, मोरोक्कोकडची. फोटो आला होता, तो लेआने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला होता. आणि एक मुलगी, दालिया, अडीच वर्षांची. त्याने प्लॅनमध्ये फारसा फरक पडत नाही. आधी जोसेफ येईल, मागाहून त्या दोघी. मिरियामला मराठी शिकवू. नाट्यवर्गात घेऊ. मुका पार्ट देता येतो.

शनिवार, १४ मे.

शब्बाथ. लिहिणे वर्ज्य.

रविवार, १५ मे. तेल अवीव.

काल लिहिले नाही. धर्म म्हणजे धर्म.

अश्केलोनला ते शिकूनमध्ये राहतात. शिकून म्हणजे सरकारने बांधलेली चाळच, फक्त आडवी. दोन खोल्या, बाहेर वाळू, आणि वाळूत जोसेफने डाळिंबाचे झाड लावलेय. गुडघ्याएवढे आहे. मी म्हटले, याला फळ कधी धरणार? म्हणाला, तीन-चार वर्षांत. मी हसलो. तो हसला नाही.

विचारले, मुंबईची आठवण येते का? म्हणाला, बोंबलांची येते. ताबडतोब मनात नोंद केली: पोराचे सगळे चित्त तिकडेच आहे.

मग हळूच विषय काढला. बावन्न साली आपली कितीतरी माणसे इथे कंटाळून मुंबईला परत आली, त्यात तुझे नाव कसे नव्हते? मी तेव्हा प्रत्येकाला विचारत फिरलो होतो. मला वाटे, कोणा कारकुनाची गफलत. जोसेफ म्हणाला, बाबा, मी नाव दिलंच नव्हतं. तेव्हा त्याची तब्येत बरी नसणार.

मिरियामने तिखटजाळ मासळी केली होती. छान होती. मी तिला आमची रंगभूमी, माझा इजिप्तच्या फिरौन राजाचा आवाज, भायखळ्याचे घर असे सविस्तर सांगितले. जोसेफने त्याचे दोन शब्दांत भाषांतर केले. हिब्रू फार आटोपशीर भाषा दिसते. दालिया मला सबा म्हणते, म्हणजे आजोबा. मांडीवर मात्र येईना. तिला हसवायला फिरौनाचा आवाज काढला तर भोकाड पसरले. मिरियामने तिला घेतले आणि आईच्याच पाळण्याच्या सुरात काही म्हणाली. म्हणजे लेआच्या. ‘जो जो बाळा’ असे मराठी, मोरोक्कोच्या सुनेच्या तोंडून. मी जोसेफकडे पाहिले तर तो दिव्याची वात पाहत होता.

आज सकाळी झगा काढला. म्हटले घाल. घातला, तर खांद्याची शिवण टरकन् उसवली. समुद्राच्या हवेने झगा आटलाय. जोसेफ उसवलेल्या जागी बोट फिरवत बसला. म्हणाला, आईचे टाके किती बारीक असायचे. मी संधी साधून सांगून टाकले, गुरुवारच्या खेळात योसेफ तू! त्याने झगा नीट घडी घालून ठेवला. म्हणाला, बाबा, मी स्टेजवर कधी आलोच नाही. मला उजेडात बोलता येत नाही. मी म्हटले, अरे, टाळी मिळते उजेडात! म्हणाला, टाळी तुम्हाला हवी असायची, बाबा. मला फक्त तुम्ही विसरू नये असं वाटायचं.

नम्र आहे. आईवर गेलाय. गुरुवारी शिफ्ट बदलून खेळाला येणार आहे, कबूल केले. पोहे कसले ते विचारले. म्हटले, आईचा नवस आहे, वेळ आली की सांगेन. झगा तिथेच राहिला. मिरियाम शिवून देणार.

मंगळवार, १७ मे.

घात झाला. आमचा रूवेन, जो याकोबाचा पार्ट करतो, योसेफाच्या बापाचा, तो परत येणार नाही म्हणतो! कुठल्याशा किबुत्झला, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीवर, बागा बघून आला, तिथेच राहतो म्हणाला. बसमध्ये ट्रंक टाकून गेलासुद्धा. मी त्याला सांगितले, तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू? म्हणाला, मास्तर, बाबाला लिहिलंय मी. मुंबईपासून पार्ट पाठ करत आला होता, दाढीसकट!

सुझॅनने तोडगा काढला. याकोब मास्तरांनी करावा, योसेफ जोनाथनने. म्हणजे माझा पार्ट जोनाथनला! सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. आधीच ठरवून ठेवल्यासारख्या. जोनाथन लाजून म्हणाला, मास्तर, योसेफाचं मला सगळं येतं, प्रॉम्प्टिंग करून करून. पण मग प्रॉम्प्टर कोण? उरलेल्या सगळ्यांना पार्ट आहेत. सुझॅन म्हणाली, मास्तरांना कशाला हवा, नाटक त्यांनीच लिहिलंय.

यात माझ्याबद्दलचा आदर स्पष्ट दिसला. मान्य केले.

संकल्प: याकोबाची भाषणे उद्यापासून पाठ करणे. हे नाटक करतोय त्या सतरा वर्षांत कधी गरज पडली नाही. याकोब बोलायला लागला की मी आत चहा घेत असे.

बुधवार, १८ मे.

वाळवंटावरून भट्टीसारखा वारा सुटलाय. शाराव म्हणतात याला. अशा हवेत कोणाचेही पाठांतर होणार नाही. वही उघडली, घाम पडून शाई फुटली, मिटली. लिहिणाऱ्याला पाठ करावे लागत नाही.

शिवाय मला वेगळेच सुचले आहे. शेवटच्या प्रवेशात म्हातारा याकोब मिसरात, म्हणजे योसेफ जिथे जाऊन मोठा झाला त्या इजिप्तमध्ये, येतो, इतक्या वर्षांनी योसेफ त्याच्या गळ्यात पडतो, आणि याकोब एक भाषण करतो. ते भाषण मी करणारच नाही! तिसऱ्या रांगेत जोसेफ बसलेला असेल. मी समोर जाऊन, सरळ त्याच्याकडे पाहून म्हणेन: चल बाळा, घरी. अख्ख्या समाजासमोर. कसा नाही म्हणेल?

सुझॅनला सांगितले. तिने तोंड वाकडे केले. म्हणाली, मास्तर, पण याकोब योसेफला परत नेत नाही. तोच मिसरला जातो आणि तिथेच राहतो. मी म्हटले, नाटक माझे आहे. म्हणाली, गोष्ट तोराहची आहे.

फटकळ! मुंबईला गेल्यावर हिला काढणार.

शुक्रवार, २० मे.

काल खेळ झाला.

हॉल भरला होता. बीरशेबाहून, लोदहून आपली माणसे आली होती. पातळे, काचेच्या बांगड्या, गजरे नाहीत पण केसांत कसली तरी फुले. मागे पोरे हिब्रूत कलकलाट करताहेत आणि म्हाताऱ्या त्यांना मराठीत दटावताहेत. पडदा वर गेल्यावर जोनाथनने पहिले वाक्य म्हटले तर पुढच्या रांगेतली एक बाई तिथेच पदर डोळ्यांना लावून बसली. अजून काही झालेच नव्हते. नुसती मराठी ऐकून.

जोनाथन विहिरीतून टुणकन उडी मारून बाहेर आला. टाळी. त्या जागी मला कधी टाळी मिळाली नव्हती.

पहिल्या अंकातली याकोबाची तीन-चार वाक्ये मी अंदाजाने मारून नेली. शेवटचा प्रवेश आला. जोनाथन धावत येऊन माझ्या गळ्यात पडला. मी त्याच्या खांद्यावरून तिसऱ्या रांगेत पाहिले. जोसेफ होता. पांढरा शर्ट. त्याच्या खांद्यावर दालिया झोपली होती, तोंड उघडे टाकून. शेजारी मिरियाम, तिच्या मांडीवर दुमडलेला झगा, शिवून झालेला. एकही शब्द कळत नसताना माझ्याकडे टक लावून बसली होती.

मी तोंड उघडले. ‘चल बाळा, घरी’ एवढेच म्हणायचे. तीन शब्द. आलेच नाहीत. तिथे घर म्हणजे कुठले म्हणायचे, तेच समजेना. आणि ते नाही तर दुसरे काय, हेही माहीत नाही. याकोब काय म्हणतो? मीच लिहिले आहे. काय म्हणतो हा माणूस? विंगेकडे मान वळवली. विंग रिकामी. जोनाथन माझ्या कानात म्हणाला, मास्तर, बोला. पण त्यालाही ते भाषण येत नसावे, किंवा रडत असावा. हॉलमध्ये कोणीतरी खोकले.

मग आवाज आला. अंधारातून. हलका, सपाट, विंगेतून येतो तसा. तुझे मुख पाहिले.

मला उचलता आले नाही. त्याने थांबून पुन्हा दिले, तसेच, न चिडता, आठ वर्षांचा असल्यापासून देतो तसे. तुझे मुख पाहिले. मी म्हटले, तुझे मुख पाहिले. तो म्हणाला, तू जिवंत आहेस. मी म्हटले, तू जिवंत आहेस. मग पुढचे. आता देवाजवळ माझे काही मागणे उरले नाही.

ते म्हणायला मला वेळ लागला. पण म्हटले.

पडदा. टाळ्या थांबेनात. त्स्वी येऊन म्हणाला, तो पॉज, तो पॉज! आमच्या इथे कोणाला असा घेता येत नाही. मी थँक यू म्हटले.

जोसेफ आत आला. मिरियामने झगा माझ्या हातात दिला. मी तो तिलाच परत दिला. म्हटले, राहू दे. थंडीत मुलीच्या अंगावर घाल. जोसेफने सांगितले तिला, या वेळी सगळे शब्द सांगितले असावेत, कारण तिने माझे हात हातांत घेऊन आपली बोटे ओठांना लावली. हे तिला कोणी शिकवले?

मग मी जोसेफला सांगून टाकले. येत्या सोमवारी बोट. माझ्या केबिनमधला वरचा बर्थ तुझ्यासाठी घेतलाय. मी त्याच्या मानेकडे पाहत होतो. तो शब्द शोधत नव्हता. त्याला उत्तर ठाऊक होते. नुसता थांबला होता, मला लागू नये म्हणून. मग म्हणाला, बाबा, रविवारी घरी या. आईच्या नवसाचा मलिदा आमच्याकडे करू या.

शनिवार, २१ मे.

शब्बाथ.

रविवार, २२ मे. अश्केलोन.

मलिदा झाला.

पोहे मिरियामने भिजवले, जोसेफने सांगितले तसे. पाणी जरा जास्त झाले. न वाजणारा नारळ नासका निघाला, दुसरा चांगला. गूळ मी आणला नव्हता, साखर घातली. वर मांडायला फळे: संत्रे, केळे, जर्दाळू, खजूर, आणि डाळिंब बाजारात नव्हते म्हणून दालियाने बाहेर जाऊन त्या गुडघ्याएवढ्या झाडाचे एक पान आणून ठेवले. शेजारचे रेवदंड्याकडचे म्हातारे दुवा म्हणायला आले, चार पुरुष आणखी जमले. म्हाताऱ्यांनी रीतसर विचारले, नवस कोणाचा आणि कशाचा?

मी म्हटले, माझ्या बायकोचा. लेआचा. की जोसेफ…

आणि तिथे अडलो. ‘परत यावा’ म्हणणार होतो. तेच तर इतकी वर्षे म्हणत आलो. पण मला तो खडक दिसला, लेआचा त्यावर ठेवलेला हात दिसला, ओली बांगडी, आणि तिचा आवाज जसाच्या तसा कानात आला. सगळे शब्द आले. माझा जोसेफ जिथे असेल तिथे त्याचं घर भरू दे, त्याच्या ताटात कोणीतरी प्रेमानं वाढू दे, मी तुझा मलिदा करीन. असे म्हणाली होती. ‘परत’ हा शब्द तिने उच्चारलाच नव्हता. मी शेजारी उभा होतो. ऐकले होते मी.

घराकडे पाहिले. दोन खोल्या. मिरियाम हाताने साखर कालवत होती. दालिया कोरडे पोहे मूठ भरून तोंडात कोंबत होती, निम्मे खाली सांडत होती. भिंतीवर लेआचा फोटो, त्याला सुताचा हार. नवस कधीच पुरा झाला होता, फेडायचाच तेवढा राहिला होता. लेआ असती तर दोन वर्षांपूर्वीच पोस्टाने पोहे पाठवले असते तिने.

मी म्हटले ते शब्द. मोठ्याने, सगळ्यांसमोर, एकही न गाळता. कोणी प्रॉम्प्ट केले नाही. जोसेफने ऐकले आणि तोंड फिरवून बाहेर गेला, झाडापाशी. मी रडलो. अभिनय नव्हे. पहिल्या मुठीचा मलिदा दालियाने माझ्या तोंडात घातला, आणि मांडीवर बसली एकदाची. फार गोड झाला होता. साखरेचा अंदाज चुकलाय मिरियामचा. सांगितले नाही.

मंगळवार, २४ मे. बोटीवर.

काल जोसेफ हैफाच्या धक्क्यावर आला होता. शिफ्ट सोडून, दालियाला खांद्यावर घेऊन. बोट सुटली तरी उभा होता. लहान लहान होत गेला, मग पांढरा शर्ट तेवढा, मग तोही नाही. त्या दिवशी लेआ मुंबईच्या बंदरावर अशीच उभी असणार, फक्त तेव्हा बोटीवर जोसेफ आणि धक्क्यावर ती. एकटी होती. केवढी उन्हाची वेळ होती ती.

मी हात हलवत होतो. सुझॅन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पोरगी तशी वाईट नाही.

समुद्र शांत आहे. जेवण गेले नाही. बोट लागली असावी.

आत्ता जोनाथन दारात येऊन विचारून गेला, मास्तर, वरचा बर्थ रिकामाच आहे ना, पेटी आणि ट्रंक ठेवू का? ठेव म्हटले.

संकल्प एकच. याकोबाचा पार्ट पाठ करायचा. एक भाषण येते. बाकीचे रोज थोडे थोडे.